बर्फ, बटण आणि ब्रेक

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होत आले, की इथल्या मराठी घरांतून एक विषय हमखास निघतो : यंदाच्या हिवाळ्यात गाडीचं काय? पूर्वी कोरोला-सिव्हिकवर समाधान मानणारी आपली मंडळी आता बहुतेक छोट्या एसयूव्हीवर आली आहेत. सत्यनारायणाच्या पूजेला दारात बुटांची रांग आणि ड्राइव्हवेत रॅव्ह-फोर, सीआर-व्ही, फॉरेस्टर यांची रांग! प्रसादाचा शिरा खाता खाता कोणीतरी म्हणतंच, "आमच्या गाडीला स्नो मोड आहे हो. एक बटण दाबलं की बर्फाची चिंता नाही."

हे बटण नेमकं करतं काय, हा प्रश्न आम्हां दोघांना गेल्या हिवाळ्याआधी अगदी मनापासून पडला. कारण आमच्या लेकीला बॅरीच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली. आम्ही राहतो ब्रॅम्प्टनला. हायवे ४०० ने उत्तरेकडे साधारण ऐंशी किलोमीटर, म्हणजे उन्हाळ्यात तासाभराचा रस्ता. हिवाळ्यात मात्र जॉर्जियन बेच्या न गोठलेल्या पाण्यावरून थंडगार वारा येतो, वाटेत वाफ उचलतो आणि किनाऱ्यापासून आत बर्फाचे पट्टेच्या पट्टे ओततो. एका गावात लख्ख ऊन, आणि पुढच्या एक्झिटला समोर पांढरी भिंत. त्यातून पोरगी बारा तासांची रात्रपाळी करून सकाळी सातला निघणार.

"तुम्ही दोघं उगाच टेन्शन घेता," ती म्हणाली. "ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, स्नो मोड आहे. अजून काय पाहिजे?"

यावर वाद घालण्यापेक्षा आम्ही गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक काढलं आणि दोन रात्री बसून वाचलं. आपल्यापैकी बहुतेकांचं ते पुस्तक ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये कोरं करकरीत असतं, म्हणून त्यातलं थोडं इथे सांगतो.

बहुतेक छोट्या एसयूव्ही एरवी पुढच्या दोन चाकांवरच चालतात. पुढचं चाक घसरतंय असं कळलं, की एक विजेवर चालणारा क्लच मागच्या चाकांनाही जोर देतो. काही हायब्रिड गाड्यांत मागच्या चाकांना वेगळी मोटर असते, तर सुबारूसारख्या काही गाड्यांत चारही चाकं कायम कामावर असतात. स्नो मोड लावला की अ‍ॅक्सिलरेटर मऊ होतो. पाय जोरात पडला तरी इंजिन एकदम उसळत नाही, आणि मागच्या चाकांना लवकर कामाला लावलं जातं. काही गाड्यांत खोल बर्फासाठी निराळा मोड असतो. तो उलट चाकांना थोडं फिरू देतो, म्हणजे गाडी रुतून न बसता बर्फ उकरत बाहेर येते. आणि स्पोर्ट मोडमध्ये अ‍ॅक्सिलरेटर जास्त तिखट होतो. बर्फात त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता यात एक गोष्ट लक्षात आली का? हे सगळं गाडी हलवण्याबद्दल आहे, थांबवण्याबद्दल नाही. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतातच. तिथे ऑल-व्हील ड्राइव्हचा काही उपयोग नाही. वळणावर बाहेर फेकल्या जाणाऱ्या गाडीला धरून ठेवतो तो टायर. आणि वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं, मग गाडी कुठलीही असो.

लेकीला हे तोंडी सांगून पटेना. तेव्हा पहिला बर्फ पडल्यावर रविवारी भल्या सकाळी आम्ही तिघं जवळच्या कम्युनिटी सेंटरच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेलो. ताशी तीसच्या वेगाने यायचं आणि ठरलेल्या जागी करकचून ब्रेक दाबायचा. एकदा नॉर्मल मोडमध्ये, एकदा स्नोमध्ये. पायाखाली एबीएसची ती घरघर जाणवली, गाडी घसरत गेली आणि थांबली, तिथे आम्ही बर्फात फावडं रोवलं. दोन्ही मोडमध्ये ती जवळजवळ तिथेच थांबली. लेक गाडीतून उतरली, फावड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ओके. टायर घेऊ."

घेतले. बाजूला डोंगराची तीन शिखरं आणि आत हिमकणी, असं चिन्ह असलेले. तापमान सात डिग्रीच्या खाली गेलं की साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, ह्यांचं मऊ राहतं. बारीक चिरांनी ते बर्फ पकडतात. तसाच बर्फ पडलेल्या दुसऱ्या रविवारी तोच प्रयोग केला, तर गाडी फावड्याच्या अलीकडे, जवळजवळ एका गाडीइतकं अंतर राखून थांबली. एवढ्याच अंतरात पुढच्या माणसाचा बंपर असतो, मंडळी. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर कायद्यानेच लावावे लागतात. आपल्या ऑन्टॅरिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना त्यासाठी सवलत द्यावी लागते. फोन करून मागा. आणि टायरची हवा पाहत जा, थंडीत ती आपोआप कमी होते.

आणखी एक शिकवण तर आपण घरूनच घेऊन आलो आहोत. खंडाळ्याच्या घाटात ट्रकवाले सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, नुसत्या ब्रेकवर विसंबू नका. इथल्या ऑटोमॅटिक गाडीतही बऱ्याचदा 'एल' किंवा 'बी' असतं. निसरड्या उतारावर आधीच हळू होऊन ते लावावं, गाडी इंजिनावर सावकाश उतरते.

एवढं करूनही काळजी संपते असं नाही. म्हणून तिघांनी मिळून एक ठरवलं : निघण्यापूर्वी एन्व्हायर्नमेंट कॅनडाचा इशारा बघायचा. बर्फाच्या पट्ट्यांचा इशारा असेल तर निघायचं नाही. फेब्रुवारीत एकदा सकाळी साडेसातला फोन वाजला आणि आमच्या काळजात धस्स झालं. "आई, बाबा, रस्ता दिसत नाहीये. मी मैत्रिणीकडे झोपते, दुपारी येईन." आम्ही "बरं बाळा" म्हटलं, चहा टाकला आणि कित्येक दिवसांनी निवांत प्यायलो. दुपारी ती आली तेव्हा नांगर फिरून रस्ता काळा झाला होता.

आता संक्रांतीचा कार्यक्रम जवळ आला आहे. हॅमिल्टनहून, ओशावाहून, कुठून कुठून मंडळी येतील. हॉलचं दार सहाला उघडतं, पण नाटक काही वेळेवर सुरू होत नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा सावकाश या, पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट अंतर ठेवून या, आणि हवा फारच बिघडली तर येऊच नका. तिळगूळ आम्ही बाजूला काढून ठेवू.