नखांवरील फिरंगी नक्षी

गेल्या कार्तिकात आम्ही सहकुटुंब गोवे पाहून आलो. बोदवडाहून भुसावळास गेले की तेथे गोवा एक्सप्रेस मिळते; मनमाड, पुणे, मिरज, लोंढा करीत ती सह्याद्री उतरते. कपाशीच्या काळ्या रानातून गेलेल्या माणसास तो ओला हिरवा मुलूख कसा वाटतो, हे पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस लिहावयाचे आहे ते नातसुनेच्या नखांविषयी.

पणजीस मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात भिंतीवर निळ्यापांढऱ्या फरश्यांची चित्रे आहेत. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने ती 1935 साली केली. विषय कामोईंश कवीच्या 'लुसिआद' महाकाव्यातले. हा कवी 1553 साली स्वतः गोव्यास आला होता. या फरशीस 'अझुलेझो' म्हणतात. पोर्तुगीज भाषेत निळ्यास 'अझुल' म्हणतात, हे ऐकून आम्ही तेथल्या तेथे व्युत्पत्ती सांगून मोकळे झालो. पुढे कळले की ती साफ चुकली! मूळ शब्द अरबी असून त्याचा अर्थ गुळगुळीत दगड. 'अझुल' मात्र आपल्या लाजवर्दीचा भाऊबंद. कलाही पोर्तुगालने स्पेनमधील मुसलमानी कारागिरीपासून उचलली, आणि निळ्यापांढऱ्याची आवड पुढे चिनी व डच मालावरून आली. कच्च्या पांढऱ्या झिलईवर कुंचला टेकताच रंग शोषला जातो, चुकलेली रेघ पुसता येत नाही. मग फरशी भट्टीत जाते.

नातसून त्या भिंतीपुढून हलेना. दुसरे दिवशी तिने एका दुकानात दहाही नखांवर तशीच नक्षी काढवून घेतली. आधी पांढरा थर, त्यावर केसाएवढ्या कुंचल्याने निळ्या पाकळ्या. प्रत्येक थर अतिनील किरणांच्या दिव्याखाली सुकवावयाचा. येथे चुकलेली रेघ दिव्यापूर्वी पुसता येते, एवढी सवलत. दोन्ही अंगठ्यांवर अर्धे अर्धे फूल होते. अंगठे जुळविले की पुरे होई.

घरी आलो तो चंपाषष्ठी तोंडावर. वहिनींनी नखे पाहिली व म्हणाल्या, "खंडोबाच्या नैवेद्याला हे हात चालायचे नाहीत. ज्यांनी देवळं पाडली, त्यांची नक्षी मिरवायची?"

प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. याच प्रवासात आम्ही प्रियोळास मंगेशाचे दर्शन घेतले होते. 1560 साली कुशस्थळीहून देवाला तेथे हलवावे लागले, ते याच राज्यकर्त्यांच्या भयाने. आम्ही म्हणालो, "वहिनी, देवळे पाडली ती सत्तेने, कुंभाराने नव्हे." चौसष्ट कलांत दशनवसनांगराग म्हणून एक आहे, दात, वस्त्रे व अंगे रंगविण्याची, हेही सांगून पाहिले.

"कलेत असेल, कणकेत नको," वहिनी म्हणाल्या.

यात त्यांचे खरे होते. वाढलेल्या नखांत पीठ अडकते, हे आम्हीही नाकारीत नाही. तेव्हा रोडग्यांची कणीक वहिनींनी मळली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून ती बडजीत ठेचण्याचे काम नातसुनेकडे आले. ते तिने उत्तम केले. पानावर मात्र दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

नख महिन्यास सुमारे 3 मिलिमीटर वाढते. पौष लागेतो निळी नक्षी पुढे सरकून मुळाशी कोऱ्या नखाची कोर दिसू लागली, तेव्हा नातसून जळगावास जाऊन रंग उतरवून आली. कुंभाराविषयीचे आमचे म्हणणे वहिनींस अद्याप पटलेले नाही.