माझी चौदा हातांची निवडणूक

मैत्रिणींनो, निवडणूक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं जीपगाड्या, भोंगे, गुलाल असं काहीबाही येत असेल. माझ्या निवडणुकीत यातलं काही नव्हतं. शाळेची पडवी होती, दोन सतरंज्या होत्या आणि पालक मंडळी होती. पण त्या दिवशी सकाळी माझ्या पोटात जो गोळा आला, तो दहावीच्या गणिताच्या पेपरालाही आला नव्हता!

आम्ही सोमेश्वरनगरजवळच्या एका वस्तीवर राहतो. घरचा थोडा ऊस आहे, हे नोकरी करतात आणि मी बी. ए. असल्यामुळे एका हायस्कुलात तासांच्या हिशेबानं मराठी शिकवते. मुलगी तेव्हा सहावीत होती. शाळेतून आली की दप्तर खांद्यावर तसंच ठेवून ती माठाकडे धावायची. उभ्या उभ्या तांब्या रिकामा करायची. मला वाटायचं, उन्हाचं असेल. पण पावसाळा आला तरी तेच. एकदा जवळ घेऊन विचारलं, तेव्हा मान खाली घालून म्हणाली, "आई, मी शाळेत पाणी पीतच नाही. प्यालं की मग जावं लागतं. आणि तिथं पाणी नसतं."

सकाळी मी भरून दिलेली बाटली संध्याकाळी जवळजवळ तशीच परत येत होती. ती मी रोज ओतून, विसळून, पुन्हा भरत होते. भाजीत मीठ कमी पडलं तर वाफेवरून ओळखणारी मी, पण हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. म्हणाले, "ताई, विषय समितीपुढं यायला हवा." समिती कोण? तर भिंतीवर नावांचा फलक होता. वाचता वाचता थबकले. त्यात आमच्या शेजारणीचं नाव होतं! संध्याकाळी तिला विचारलं, तर तीच चकित. "मी? कसली समिती?" मग आठवून म्हणाली, "हां, एक वही येते अधनंमधनं. हे म्हणतात, सही कर. मी करते."

तुमच्याही गावातल्या शाळेत असा फलक असेल. कधी वाचून बघा. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. समितीत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. शाळेचा कारभार बघायचा, मिळालेलं अनुदान कुठं खर्च होतं ते पाहायचं आणि शाळेचा विकास आराखडा करायचा, ही तिची कामं. दर दोन वर्षांनी नवी समिती. म्हणजे मुलींच्या संडासात पाणी हवं की नको, हे ठरवायला कायद्यानं आपल्यालाच बसवलंय. आणि आपण घरी बसून वहीवर सह्या करतोय!

नव्या समितीची पालकसभा जूनमध्ये होती. मी ठरवलं, उभं राहायचं.

आता अडचण अशी, की आमच्या वर्गाच्या पालकांतून जे गृहस्थ दरवेळी बिनविरोध निवडून येत आणि मग अध्यक्ष होत, ते ह्यांचे लांबचे चुलतभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणते. माणूस वाईट असता तर सोपं होतं हो. पण माझ्या बाळंतपणात भर पावसात रात्री दोन वाजता ज्यांनी गाडी काढली, ते हेच. ह्यांचा चेहरा उतरला. "आपल्याला इथंच राहायचंय," एवढंच म्हणाले. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "सभेला जाशील, मिटिंगा करशील. मग चपात्या कोण करणार?"

मला हसू फुटलं. त्यांना वाटलं, मी त्यांनाच हसले. तसं नव्हतं. बिशाखा दत्ता यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या ग्रामपंचायतींवर १९९८ साली एक इंग्रजी पुस्तक काढलं, त्याचं नाव नेमकं ह्याच अर्थाचं आहे! आणि त्यातली एक पंचायत आमच्या अगदी शेजारची, निंबूतची. १९६३ साली तिथं सगळ्या बायकांची ग्रामपंचायत झाली, कमलाबाई काकडे यांच्या पुढारपणाखाली. बायकांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती १९९३ साली अंमलात आली, म्हणजे त्यानंतर तीस वर्षांनी. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री परात स्वतः ओढून घेतली.

मग मी आठवडाभर संध्याकाळी घरोघर फिरले. प्रचार म्हणाल तर एवढाच, की "तुमची मुलगी शाळेत पाणी पिते का?" असं विचारायची. कुणी चहा टाकला, कुणी विषय बदलला. एक बाई म्हणाली, "सभा सकाळी अकराला, मी त्या वेळेला खुरपायला. रोज बुडवून कशी येऊ?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण बऱ्याच जणी उंबऱ्यापर्यंत सोडायला यायच्या आणि तिथं हळूच सांगायच्या, "आमचीबी पीत नाही." मी मनात मोजत होते. पंचवीस हात तरी नक्की, असा माझा हिशेब.

सभेत मुख्याध्यापकांनी नेहमीसारखी नावं वाचायला घेतली. टाळ्यांसाठी हात वरही झाले होते. मी उठले. पाय लटपटत होते. "आमच्या वर्गातून माझंही नाव घ्या," म्हटलं. अशी शांतता पसरली, की बाहेर नळाखाली ठेवलेल्या बादलीत थेंब पडत होते ते ऐकू आलं. भाऊजीच हसून म्हणाले, "घ्या की! होऊ द्या मतदान." आणि मतदान झालं. हात वर करून.

इथंच माझं गणित चुकलं. हात वर करायचा म्हणजे नवऱ्यादेखत, दिरादेखत, भाऊजींच्या डोळ्यांदेखत. शेजारणीचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथून तिनं पदर सारखा केला. मला तिचा राग आला नाही, असं लिहिणार होते. पण खरं सांगते, आला. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग वाटलं, मी तरी ह्यांच्या साहेबांविरुद्ध असा हात वर केला असता का?

भाऊजींना एकतीस, मला चौदा.

उठायच्या आधी मी एवढंच म्हटलं, की शाळेचा विकास आराखडा सभेत मोठ्यानं वाचून दाखवा. कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं. वाचला. त्यात संरक्षक भिंत होती, रंगकाम होतं, कमान होती. संडासाच्या पाण्याचं नाव नव्हतं. वाचणाऱ्यांचा आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला. बाहेर चपला घालताना भाऊजी जवळ येऊन म्हणाले, "वहिनी, हे आधी मला घरी सांगायचं नाही का? लिहून द्या." मी त्याच रात्री लिहून दिलं, खाली चौदा सह्या घेऊन. त्यात तीन अंगठे होते.

जानेवारीत पाइप आला. नळही बसला, पण मुलांच्या बाजूला! पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे. मार्चमध्ये मुलींकडे पाणी आलं. कडी अजून बसायची आहे. लेक बाटली निम्मी पिऊन आणते.

पुढच्या जूनमध्ये समितीची मुदत संपते. मतदान चिठ्ठ्यांनी घ्यावं आणि सभा संध्याकाळी ठेवावी, असा अर्ज मी आत्ताच देऊन ठेवलाय. परवा शेजारीण वाटी घेऊन साखर मागायला आली. साखरेच्या गावात साखर संपते बघा, ती अशी! वाटी भरून दिली तरी ती जाईना. पदराशी चाळा करत म्हणाली, "ताई, चिठ्ठीवर आपलं नाव लिहावं लागतं का?"

"नाही. ज्याला मत द्यायचं, फक्त त्याचं."

"मग ठीक," म्हणाली, आणि वाटी झाकून घेऊन गेली.