कोरडी होडी

मिनेटोंका, मिनेसोटा
भाद्रपद लागला

प्रिय बाबल्या,

नारळी पौर्णिमेचा तुझा फोटो पोचला. होडीला नवा रंग, नाळेला झेंडूची माळ, आणि तू अंगठ्याएवढा दिसतोस. गंमत बघ, तू होडी पाण्यात घातलीस त्याच आठवड्यात मी माझी बाहेर काढत होतो. नोकरी बदलली, मॅडिसन सुटलं, घर मिनिआपोलिसजवळ घेतलं. मग मेंडोटा तळ्यावरची होडी कुणाच्या भरवशावर ठेवायची? सगळे म्हणाले, विकून टाक. तू म्हणाला नसतास.

माझी होडी तू पाहिलेली नाहीस, म्हणून सांगतो. कॅटलिना २२. १९६९ पासून बनू लागली, आजवर पंधरा हजारांवर झाल्या. इकडच्या तळ्यांवरची ही मारुती आठशेच म्हण. लांबी साडेएकवीस फूट, रुंदी पावणेआठ. साडेआठ फुटांच्या आत असल्यामुळे रस्त्यावरून न्यायला खास परवाना लागत नाही. वजन टनभर, त्यातलं पाव टन तळातल्या लोखंडी कीलचं. ही कील बिजागरीवर फिरते, हँडल मारून पोटाखाली घेता येते. शिडात वारा भरला की होडीला सावरून धरणारी तीच. रस्त्यावर मात्र तिला केबलवर लोंबकळत ठेवायचं नाही, ट्रेलरच्या आधारावर नीट टेकवायची. एखाद्या खड्ड्यात केबल तुटली तर काय होईल, ते तुला सांगायला नको.

पंचवीस फुटांची डोलकाठी उतरवताना दोरीवर दोघं, खाली एक, आणि बाजूला आई. ती यंदा उन्हाळ्याला आली आहे. तिचं एकच काम होतं, "वर तारा बघा रे!" असं ओरडत राहायचं. हसू नकोस, सगळ्यात महत्त्वाचं काम तेच. अॅल्युमिनियमची काठी विजेच्या तारेला लागून माणसं गेली आहेत.

पाण्यात असताना हीच होडी आई धक्क्यावरून एका हाताने ढकलायची. ट्रेलरवर चढली आणि टनभर म्हणजे किती, ते मला कळलं. तुमच्या होड्या पावसाळ्याआधी वाळूत ओढायचो, आठवतं? खाली ओंडके, दोरीला अर्धा वाडा, आणि "हैस्सा" म्हणायचा मान तुझ्या बाबांचा. मी दोरीला नुसता हात लावून उभा असायचो, हे तुला माहीत होतं. आता कबूल करतो.

पण खरी कटकट वजनाची नव्हती, पाण्याची होती. इथला नियम असा, की होडी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना पहिल्याचा थेंब, शेवाळाची काडी, चिखल, काही म्हणजे काही बरोबर न्यायचं नाही. मला आधी हे सोवळं वाटलं. मग मेंडोटाची हकिकत आठवली. २००९ साली तिथे लांब काटेरी शेपटीचा एक पाणपिसू सापडला. जेमतेम नखाएवढा जीव, पण त्याने काय केलं? तळ्यातलं हिरवं शेवाळ खाणारे जे बारीक पाणकिडे होते, त्यांनाच तो खात सुटला. शेवाळाला रान मोकळं झालं आणि पाणी गढुळलं. सहा वर्षांनी झेब्रा शिंपले आले. ते मूळचे काळ्या समुद्राकडचे, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून अमेरिकेत उतरलेले. आपल्याकडे नदीचं पाणी गडूत भरून घरी आणतात. इथे तेच पाप.

आणि आईने नेमकं तेच केलं! निघायच्या आधी मेंडोटाचं पाणी बाटलीत भरून ठेवलं, नव्या तळ्यात ओतायला. "ओळख नको का व्हायला?" म्हणाली. मी पाणपिसवाची सगळी कथा सांगितली. ती ऐकून घेऊन धक्क्यावर गेली आणि बाटली तिथेच उपडी केली. "ज्याचं त्याला," म्हणाली, बस्स.

मग होडी धुतली. नांगराच्या दोरीच्या वेटोळ्यात शेवाळ, कीलच्या खाचेत पाणी, इंजिनाच्या नळीत पाणी. कढत पाणी मारलं, स्पंजाने टिपलं आणि होडी आठवडाभर दारात उन्हात ठेवली. निदान पाच दिवस तरी वाळवायची असते. आईने पांढरीशुभ्र, तापलेली डेक पाहिली आणि वर सांडगे घातले. शेजारचे विचारायला आले, मी म्हटलं, रस्ता लांबचा आहे.

रस्ता पावणेतीनशे मैलांचा, म्हणजे साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. मित्राचा पिकअप, त्याच्यामागे ट्रेलर. यातलं गणित असं, की एकूण वजनाचा दहावा हिस्सा गाडीच्या आकड्यावर पडला पाहिजे. मागे भार जास्त झाला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि मग शेपूटच कुत्र्याला हलवते. म्हणून सगळं जड सामान पुढे सरकवलं आणि ताशी पंचावन्न मैलांच्या वर गेलो नाही.

टोमाला दोन हमरस्ते वेगळे होतात. तिथून पुढे ब्लॅक रिव्हर फॉल्सला चहाला थांबलो. सवयीने चाकांच्या तुंब्यांना हात लावत गेलो. तीन कोमट, चौथ्याला हात ठेववेना. टोपण काढलं तर आतलं ग्रीस ताकासारखं पांढरं. कारण ऐक: गरम चाक रॅम्पवर थंड पाण्यात बुडालं, की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. वर्षानुवर्षं मी ट्रेलर तसाच बुडवला, उघडून एकदाही पाहिला नाही. चूक सर्वस्वी माझी. बेअरिंग बदलायला दोन तास गेले. तेवढ्यात आईने सगळ्यांना दशम्या वाढल्या.

मिनेटोंका तळ्याच्या रॅम्पवर एक कॉलेजचा पोरगा तपासणीला उभा होता. कीलच्या खाचेत हात घातला, दोऱ्या उलटल्या, विचारलं, शेवटी कुठल्या तळ्यात होती? किती दिवस झाले? बरोबर काही आणलंय का? मी उत्तर जुळवत होतो, तोवर आई त्याला मराठीतच म्हणाली, "नाही रे बाबा, सगळं तिथेच ठेवून आलो."

त्याला काय कळलं देव जाणे, पण त्याने हात करून पुढे जा म्हटलं.

डिसेंबरात हे तळं गोठायच्या आत होडी परत वर काढायची. तुमची पावसाळ्यात वर, आमची हिवाळ्यात. त्याआधी येतोस? यंदा दोरी मी खरंच ओढेन.

तुझा,
गोड्या पाण्याचा तांडेल