मिशिगन सरोवरातले मोजके मासे

मिशिगन सरोवराला सरोवर म्हणायचे ते केवळ पाणी गोडे म्हणून. काठावर उभे राहिले तर पलीकडचा किनारा दिसत नाही. लाटा येतात, वादळे होतात, जहाजे बुडतात. क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या जवळजवळ दुप्पट. लांबी ४९४ किलोमीटर आणि सर्वांत खोल जागी २८१ मीटर पाणी. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातली, समुद्र पाहत वाढलेली माणसे. इतके मोठे पाणी आणि त्याला खारा वास नाही, ही गोष्ट आमच्या नाकाला पटायला दोन दिवस लागले.

आमची थोरली आपा तीन वर्षांपासून शिकागोजवळ मुलाकडे राहते. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही दोघे तिच्याकडे गेलो होतो. आपाला तिथे सगळे मिळाले, एक ताजी मासळी सोडून. शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर देशी दुकानांतून पापलेट, रोहू, सुरमई सगळे मिळते, पण बर्फाचा दगड झालेले. "माशाला वासच नाही," ही तिची रोजची तक्रार. म्हणून भाच्याने ठरवले की अम्मीला बोटीवर न्यायचे आणि स्वतःच्या हाताने मासा काढू द्यायचा.

तिकडे याला चार्टर म्हणतात. तांडेल आणि खलाशासकट बोट पाच-सहा तासांसाठी भाड्याने घ्यायची. अशा छोट्या बोटीच्या तांडेलाकडे कोस्ट गार्डचा परवाना असतो आणि त्यावर पैसे देऊन येणारे जास्तीत जास्त सहा प्रवासी घेता येतात. आम्ही दोघे, आपा, भाचा आणि त्याचे दोन हैदराबादी दोस्त असे बरोबर सहा झालो. बोट मिलवॉकीची होती. शिकागोपासून उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटर, विस्कॉन्सिन राज्यात. ज्याच्या हातात गळ त्याच्या नावावर परवाना हवा, शिवाय सॅमन-ट्राउटसाठी वेगळा शिक्का. त्या शिक्क्याचा पैसा याच माशांची पिल्ले वाढवून सरोवरात सोडण्यावर खर्च होतो, असे भाच्याने सांगितले. आम्हाला ही व्यवस्था पहिल्याच दिवशी आवडली.

बोट पाचला सुटणार होती. साडेचारला आम्ही धक्क्यावरच फज्र अदा केली. गावी आपण पश्चिमेकडे तोंड करतो. मिलवॉकीहून किब्ला ईशान्येला येतो, म्हणजे थेट सरोवराकडे. समोर काळे पाणी, त्यावर पहाटेचा निळसर उजेड, आणि जून महिना असून अंगात स्वेटर. या सरोवराकाठचा जून आपल्या माहाबळेश्वराच्या डिसेंबरासारखा असतो.

बोटीत पाय ठेवताना तांडेलाने हसत विचारले, "डब्यात केळी नाहीत ना?" केळे बोटीवर आले की मासा लागत नाही, अशी तिकडच्या कोळ्यांची समजूत. आमच्या डब्यात खिम्याचे पराठे आणि उकडलेली अंडी होती, त्यामुळे प्रश्न मिटला. अपशकुन मानू नये हे आपण मुलांना शिकवतो, पण पाण्यावर पोट असलेली माणसे जगात कुठेही गेलात तरी अशी एखादी गाठ पदराला बांधून असतात. हर्णैच्या बंदरावर चौकशी केलीत तर यादी याहून लांब निघेल.

या मासेमारीला ट्रोलिंग म्हणतात. आपल्याकडचा ट्रॉलर तो वेगळा. तो तळावरून जाळे ओढतो आणि सापडेल ते लहान-मोठे सगळे उचलतो. इथे बोट माणसाच्या चालीने, तासाला चारेक किलोमीटर चालते आणि मागे नुसते गळ ओढले जातात. आपल्या गरवण्याचाच प्रकार, फक्त सरंजाम मोठा. एका परवान्यावर तीन गळ चालतात, म्हणजे आमचे अठरा झाले असते. खलाशाने बाराच लावले. एवढ्या दोऱ्या एकमेकींत गुंतू नयेत हीच सगळी कारागिरी. काही दोऱ्या लहान फळ्यांना अडकवून बोटीच्या दोन्ही बाजूंना दूर सोडतात. पाण्याच्या रेट्याने फळी आपोआप बाहेर सरकत जाते. काही दोऱ्यांना तबकडी असते, ती तिरकी खाली जाते. आणि मागच्या बाजूला डाउनरिगर, म्हणजे पोलादी तारेला बांधलेला पाचेक किलोचा शिशाचा गोळा. गळाची दोरी त्या तारेला चिमट्याने अडकवायची आणि गोळा हव्या त्या खोलीवर उतरवायचा. मासा लागला की चिमटा सुटतो आणि वाकवून ठेवलेली काठी ताडकन सरळ होते. आमिषाच्या जागी चमच्यासारखा चकाकता पत्रा असतो. मासा भुकेने येतो आणि हाती पत्रा लागतो, हे पाहून आपा म्हणाली, "बिचाऱ्याला खायला तरी घालायचं होतं."

खोली किती ठेवायची हे थंडी ठरवते. सॅमनला दहा ते तेरा अंश सेल्सियसचे पाणी आवडते. भर उन्हाळ्यात वरचे पाणी तापते आणि मासा खाली जातो. मग या पश्चिम किनाऱ्यावर जमिनीकडून वारा सुटला, तर तो वरचे कोमट पाणी लोटून नेतो, खालचे थंड पाणी वर येते आणि मासाही किनाऱ्याजवळ येतो. तांडेलाचे अर्धे लक्ष म्हणूनच वाऱ्यावर आणि अंशांच्या आकड्यावर. जूनच्या सुरुवातीला पाणी सगळीकडेच गार असते, त्यामुळे आमचे बरेच गळ वरच्या थरातच होते.

पहिली काठी सहाच्या सुमारास थरथरली. तांडेलाने ती सरळ आपाच्या हातात दिली. चौसष्ट वर्षांची आमची आपा, दुपट्टा कमरेला खोचून, दोन्ही पाय रोवून रीळ फिरवू लागली. दहा मिनिटांनी जाळीत आला तो कोहो सॅमन, दोनेक किलोचा, चांदीसारखा. आपाने त्याच्याकडे पाहिले, बिस्मिल्लाह म्हणत पाठीवरून बोट फिरवले, आणि म्हणाली, "आपल्या रावसासारखा नाही हा." खरेच नाही. मुंबईच्या बाजारात रावसाला इंडियन सॅमन म्हणून विकतात, पण दोघांचे कूळ निराळे.

आणि गंमत अशी की या सरोवराचेही हे कूळ नव्हे. इथला मूळचा मोठा मासा म्हणजे लेक ट्राउट. नायगाराचा धबधबा होता तोवर अटलांटिक समुद्रातले जीव या वरच्या सरोवरांत शिरू शकत नव्हते. जहाजांसाठी वेलँड कालवा खोदला गेला आणि धबधब्याला वळसा मिळाला. त्या वाटेने लॅम्प्रे आला. वाममाशासारखा लांब, तोंड म्हणजे दातांची गोल चकती. माशाला चिकटायचे आणि रक्त शोषायचे. मिशिगन सरोवरात तो १९३६ साली दिसला. आधीच जाळ्यांनी ट्राउटचा उपसा चालला होता, त्यात हा. १९५०च्या दशकात लेक ट्राउट जवळजवळ संपला. मग समुद्रातूनच आलेल्या एलवाइफ नावाच्या लहान माशाला खाणारे कोणी उरले नाही. हा आपल्या तारलीच्या कुळातला. तो इतका माजला की १९६७च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे ढीग किनाऱ्यावर लागले आणि ते उचलायला बुलडोझर आणावे लागले.

मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी यावर धाडसी उपाय काढला होता. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ऑरेगन राज्यातून कोहो सॅमनची अंडी आणून पिल्ले वाढवली आणि १९६६च्या वसंतात सोडली. पुढच्या वर्षी चिनूक सॅमन सोडला. हे समुद्रातले मासे गोड्या पाण्यात एलवाइफ खाऊन फुगले, आणि आमची ही चार्टरची बोट, तिचा तांडेल, धक्क्यावरची दुकाने, हा सगळा धंदा त्यातून वाढला. लॅम्प्रेवर औषध सापडले, ते आजही दरवर्षी नद्यांत सोडावे लागते. पण हिशेब तिथेच मिटला नाही. परदेशी जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून क्वागा नावाची शिंपली आली. ती पाणी गाळून त्यातले सूक्ष्म अन्न खाते, मग एलवाइफ उपाशी राहतो. शेजारच्या ह्यूरन सरोवरात २००३च्या सुमारास एलवाइफ संपला आणि पाठोपाठ चिनूकही ओसरला. त्या धास्तीने २०१३ साली मिशिगन सरोवरात सोडायच्या चिनूकच्या पिल्लांची संख्या मुद्दाम कमी केली गेली. चारा किती हे पाहून खाणारे किती सोडायचे ते ठरते. आम्ही वर्गात तराजूचे गणित शिकवतो, पण एवढ्या मोठ्या पाण्याला तराजू लावलेला पहिल्यांदाच पाहिला.

आम्ही हे ऐकत होतो त्याच आठवड्यात आपल्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जात होत्या. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची बंदी. आपल्याकडे मोजतात ते दिवस, तिथे मोजतात ते मासे. दर माणशी दिवसाला पाच सॅमन-ट्राउट, त्यावर एकही नाही. आमच्या मते मासे मोजणे अधिक चोख. बंदी उठली की दुसऱ्या दिवशी कोण किती उपसतो, याला आपल्याकडे कुणी विचारत नाही.

नऊ वाजेपर्यंत बर्फाच्या पेटीत नऊ कोहो, चार लेक ट्राउट आणि एक चिनूक जमला. चिनूक सहा किलोचा होता. भाच्याने आणि एका हैदराबादी मुलाने आलटून-पालटून काठी धरली तेव्हा कुठे अर्ध्या तासाने तो वर आला. दुसरा मुलगा बोट लागून एका कोपऱ्यात आडवा पडला होता. पैसे भरलेला अजून दीड तास शिल्लक, आणि कायद्याने तीस माशांपर्यंत मुभा. मुलांचे म्हणणे, आकडा पूर्ण करू. आपाने पेटीत डोकावून विचारले, "घरं किती? आणि हे खाणार किती जण?" मुले म्हणाली, मग पुढचे पकडू आणि सोडून देऊ. तांडेलही तयार होता. नीट हाताळला तर सोडलेला मासा बऱ्याचदा जगतो, असे तो म्हणाला, आणि ते खोटे नसावे. पण आपा हटली नाही. "खायला धरला तर हलाल रिझ्क. नुसता खेळवायला गळ्यात काटा कशाला घालायचा?" समुद्राची शिकार हलाल असल्याचे सूरह माइदाच्या ९६व्या आयतीत आहे, माशाला जबह लागत नाही, एवढे त्या मुलांनाही ठाऊक होते. मजेसाठी काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला नव्हता. थोडी कुरबुर झाली. अखेर गळ वर घेतले आणि बोट दीड तास आधी वळली. एवढे भाडे भरून लवकर परतणारी गिऱ्हाइके तांडेलाने क्वचितच पाहिली असतील. आम्हाला विचाराल तर आपाचे बरोबर होते. मात्र स्वतः बोलायचे धाडस आम्ही केले नव्हते.

धक्क्यावर मासे साफ करायचे टेबल होते. खलाशाने पाहता पाहता दोन्ही बाजूंच्या काटेविरहित फाका काढल्या आणि उरलेला सांगाडा डोक्यासकट डब्यात टाकायला निघाला. आपाने त्याचा हातच धरला. आपल्याकडे डोके म्हणजे सालनाचा जीव! चिनूकच्या डोक्यावर तिचा डोळा सकाळपासून होता. पण त्याच्या पाठीवरचा शेपटीजवळचा लहान पर कापलेला होता. ही वाढवून सोडलेल्या माशाची खूण. अशा माशाच्या नाकाडात तारेचा बारीक तुकडा असतो, त्यावरून कोणत्या केंद्रातून, कोणत्या साली सोडला ते कळते. बंदरावर मोजणीला बसलेल्या सरकारी मुलीने अदबीने ते डोके मागून घेतले, लांबी-वजन लिहिले आणि पिशवीत बांधून नेले. आपा बराच वेळ त्या पिशवीकडे पाहत होती.

घरी दुसरा पेच होता. सूनबाईला सातवा महिना. या सरोवरात कारखान्यांतून आलेली पीसीबी नावाची रसायने अजून आहेत. ती माशाच्या चरबीत साठतात, आणि मासा जितका मोठा आणि वयस्क तितकी जास्त. राज्य सरकारचा सल्ला असा की इथला सॅमन साधारण महिन्यातून एकदाच खावा, मोठा लेक ट्राउट त्याहूनही कमी. कातडी आणि चरबी काढून टाकावी, आणि भाजताना तेल गळून जाऊ द्यावे. पोटुशी बाई आणि लहान मुले यांनी विशेष जपावे. अमेरिकेत हे रसायन बनवणे १९७९ साली बंद झाले, पण तळातल्या गाळातून ते अजून गेलेले नाही. इतके निळे, इतके स्वच्छ पाणी, आणि मासा असा तोलून-मोपून खायचा.

लेक ट्राउट हैदराबादी मुलांनी वाटून घेतले. आपाने कोहोच्या फाकांना हळद, तिखट, आमसुलाचे पाणी लावले आणि जाळीवर भाजल्या. चव छान होती, थोडी तुपकट. आमटीला हा मासा आपल्या सुरमईइतका जुळत नाही, असा आमचा निवाडा. सूनबाईने दोन बोटे रुंदीचा, कातडी काढलेला एकच तुकडा घेतला आणि डॉक्टरला विचारून ठेवलेल्या कागदावर तारीख लिहिली. आपाने कोहोची दोन डोकी कुणाचे न ऐकता आणलीच होती. त्यांचे सालन तिने वेगळ्या पातेल्यात केले, "माझ्या वयाला काय व्हायचंय" म्हणत एकटीने खाल्ले, आणि त्या रात्री वासाची तक्रार केली नाही.

बाकीच्या फाका तिने एकेका जेवणाच्या पुड्या करून बर्फाच्या कप्प्यात रचल्या. वर उर्दूत महिन्याचे नाव घातले: जुलाई, अगस्त, सितंबर. बाळाचा महिना अगस्त. त्या पुडीवर तिने सूनबाईचे नाव घातले नाही.