भविष्यकाळाचा अर्ज

परवा माळ्यावरची पेटी उतरवली तेव्हा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा कसर लागलेला एक भाग हाती आला, आणि डांबराच्या गोळ्यांच्या त्या उग्र वासासरशी मामलेदार कचेरीत कारकुनी करणारे, पहाटे ओसरीवर येरझाऱ्या घालीत ‘गो, वेन्ट, गॉन’ घोकणारे माझे वडील डोळ्यांपुढे उभे राहिले.

या क्रियापदाची सारी अनियमितता भूतकाळात साठली आहे. त्याचे मूळचे भूतकाळी रूप लोपले; ‘वेन्ट’ हे ‘वेन्ड’ या निराळ्याच धातूकडून उसने आले. भविष्यात मात्र ते विलक्षण सालस होते: ‘गो’ जागचा हलत नाही, त्याच्याआधी ‘शॅल’ किंवा ‘विल’ ठेवले की काम झाले, पूर्ण भविष्यकाळात तेवढा ‘हॅव’च्या आधाराने ‘गॉन’ परततो. हा सोपेपणाच वडिलांना भोवला.

आषाढीला पंढरपुरास जाण्यासाठी केलेल्या रजेच्या अर्जात त्यांनी ‘आय विल गो’ असे लिहिले. प्रथमपुरुषी ‘शॅल’ हवे, ‘विल’ म्हणजे निर्धार, जवळजवळ धमकीच, असे भर कचेरीत ऐकवून वरिष्ठांनी त्या शब्दाभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ काढले आणि अर्ज नामंजूर केला.

हा भेद जॉन वॉलिस या गणितज्ञाने, १६५५ साली अनंताचे चिन्ह वापरात आणले त्याच्या दोन वर्षे आधी, परकीयांना इंग्रजी शिकता यावे म्हणून लॅटिनमध्ये रचलेल्या व्याकरणात नोंदविला. आणि १९०६ साली फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये लिहिले की दक्षिण इंग्लंडच्या माणसास हा प्रयोग उपजत साधतो, इतरांस तो साधणे जवळजवळ अशक्य. जे स्कॉटलंड-आयर्लंडच्या रहिवाशांनाही जमत नव्हते, त्यापायी एका वारकऱ्याची वारी चुकली. त्या वरिष्ठांस मी आजही क्षमा केलेली नाही.

त्या वर्षी आई चुलीपाशी बसून दिंडीची वाट मनाने चालत होती. “आता भंडीशेगाव सुटलं असेल,” ती म्हणे, मग, “आता वाखरी आली असेल.” न दिसणारा वर्तमान सांगायला भविष्याचेच रूप लागते, आणि इंग्रजीतला तो ‘विल हॅव गॉन’ही याच कामी येतो, हे तिला कोणी शिकविले नव्हते. वडील पाठमाला मिटून तिच्यापाशी येऊन बसले आणि तेही बोलू लागले: आपल्या गावची माणसं आता पुढं गेली असतील, पाऊस लागला असेल, भाकऱ्या सोडून जेवायला बसली असतील.