उत्तरपत्रिकेंतला बातमीदार

इंग्रजीच्या परीक्षेंत बातमी किंवा अहवाल लिहिण्याचा एक प्रश्न असतो. बातमीला मथळा, स्थळ व दिनांक, पहिल्याच वाक्यांत घटनेचें सार, मग तपशील. सारें भूतकाळांत, तृतीयपुरुषीं आणि शक्य तों कर्मणि प्रयोगांत. ही शिस्त मोठ्यांना लाभली, तर आपल्या निम्म्या गप्पा दहा ओळींत आटोपतील!

माझ्या भाचीनें परवां वृक्षारोपणाचा अहवाल वाचून दाखविला. ‘या रोपांना पुढें पाणी कोण घालतें?’ मी विचारलें.

‘मामा, तें लिहायचें नसतें. शंभर रोपें लावलीं गेलीं, एवढें पुरे.’

त्या ‘गेलीं’पाशीं मी थबकलों. व्याकरणांत यास नवीन कर्मणि म्हणतात; इंग्रजीच्या वळणानें तो मराठींत रुजला, आणि कर्त्याला दडावयास एक कोनाडा मिळाला. मोठेपणीं हा कोनाडा फार उपयोगी पडतो. चौकशीच्या अहवालांत चुका ‘झालेल्या’ असतात. ‘केलेल्या’ कोणींच नसतात.

‘शेवटचें एकच वाक्य कर्त्याचें नांव घालून लिही,’ मी सुचविलें, ‘पाणी घालण्याचें काम अमक्या वर्गानें पत्करलें आहे, असें.’

तिनें लेखणी उचलली आणि थांबली. ‘पण मामा, कोणत्या वर्गानें?’