टीप, दोरा आणि जाळी

शिंपी मशीन घेऊन येतो तेव्हा त्याची तक्रार तीनांपैकी एक असते: टीप सोडतंय, दोरा तोडतंय, नाहीतर खालून जाळी करतंय. जुन्या पनवेलच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला एवढं ऐकलं की पुरतं. टीप सोडत असेल तर आधी सुई पाहायची. ती बोथट झालेली असते, वाकलेली असते, नाहीतर उलटी बसवलेली. दोरा तोडत असेल तर सुईखालच्या पट्टीच्या छिद्राभोवती नख फिरवायचं. सुई आपटून तिथे चरा पडलेला असतो आणि दोरा त्यावर कापला जातो. जाळी कापडाच्या खालून दिसते म्हणून गिऱ्हाईक बॉबिनकडे बोट दाखवतं, पण दोष बहुतेक वेळा वरच असतो. वरचा दोरा ज्या दोन चकत्यांच्या मधून येतो, तिथे सुताचा भुगा साठला की दोऱ्यावर ताण राहत नाही. ढिला दोरा खाली उतरतो आणि गुंता करतो. चकत्यांमधून कापडाची पट्टी दोनदा ओढली की काम झालं. एवढ्याशा कामाचे पैसे कसे मागायचे, हा मात्र मिस्त्रीचा कायमचा प्रश्न.

दुरुस्तीला येणारी मशीनं बहुतेक काळी, सोनेरी नक्षी पुसट झालेली. काहींवर सिंगरचं नाव असतं, बऱ्याचशांवर उषाचं. पनवेलला रेल्वे आली १९६४ मध्ये, दिव्याहून. त्याच्या आधीपासून शिवत आलेली मशीनं या गावात आजही शिवतात, आणि ती कुणी हौस म्हणून जपलेली नाहीत. साडीला फॉल लावणं, गणवेशाची चड्डी आखूड करणं, गोधडीच्या कडा मारणं ही कामं त्यांच्यावर रोज चालतात.

गावाला अशा कामाची सवय जुनी आहे. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेल बंदरावर उतरू लागला. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांत पनवेलची ओळख बंदराइतकीच गाडीची चाकं बनवणारं गाव अशीही आहे. घाट उतरून आलेले गाडीवान इथून नवी चाकं घेऊन परत जात.

शिलाई मशीन या मुलखात आलं ते मुंबईमार्गे. सुईच्या टोकाशी छिद्र आणि दोन दोऱ्यांची टीप, या जोडीचं पेटंट अमेरिकेत एलायस हाऊने १८४६ मध्ये घेतलं. आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये आपलं मशीन आणलं आणि त्याच्या कंपनीने ते हप्त्यावर विकून जगभर पोचवलं. हिंदुस्थानात हा व्यापार पसरवला नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटाने. यंत्रांबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मध्ये एका संवादात या मशीनला अपवाद मानलं. बायकोचे हाताने शिवतानाचे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी ते शोधलं, असं ते म्हणाले. प्रत्यक्षातला सिंगर इतका सोज्वळ नव्हता. निरनिराळ्या स्त्रियांपासून त्याला वीसहून अधिक मुलं होती. पण मशीन चांगलं होतं, हे गांधीजींचं म्हणणं मिस्त्री बिनतक्रार मान्य करेल.

ते टिकलं याचं श्रेय मजबुतीला देण्याची पद्धत आहे. मिस्त्रीचा अनुभव वेगळा. बिडाचं अंग मजबूत असतंच, पण झिजतात ते आतले भाग, आणि ते मिळाले नाहीत तर बिडाचं करायचं काय? सिंगरचा पंधरा नंबरचा नमुना दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी प्रमाण म्हणून उचलला. आपल्याकडेही त्याच धाटणीची मशीनं बनत राहिली आणि लुधियाना त्यांचं मोठं केंद्र झालं. म्हणून आजीच्या मशीनमध्ये परवा बनलेलं शटल बसतं. स्क्रू सगळे समोर दिसतात, कुठलाही भाग चिकटवलेला नाही, आणि एका पेचकसाने पाऊण मशीन उघडतं.

उघडल्यानंतरचं काम नजरेचं. सुई तळाशी जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर आली की तिच्या एका अंगाला दोऱ्याचा बारीक फास सुटतो. त्याच क्षणी शटलचं टोक छिद्राच्या किंचित वरून त्या फासात शिरलं पाहिजे. मिस्त्री पट्टी काढून, बॅटरीचा उजेड पाडून, हाताने चाक इंचाइंचाने फिरवत हे पाहतो. फास चुकत असेल तर सुईचा दांडा ढिला करून केसभर खाली घ्यायचा, पुन्हा चाक फिरवायचं. शेवटी भरलेलं बॉबिन डबीत घालून ती दोऱ्याला लटकवायची. आपोआप सरसर खाली आली तर ताण कमी, हात हिसडूनही हलली नाही तर जास्त. हिसड्यासरशी थोडी उतरून थांबली की बरोबर.

रोज चालणाऱ्या मशीनपेक्षा झाकून ठेवलेलं मशीन जास्त त्रास देतं. आत राहिलेलं तेल वाळून राळेसारखं चिकट होतं आणि चाक जागचं हलत नाही. त्यात कोकणात हाताशी असतं ते खोबरेल, आणि ‘तेल दिलं होतं हो’ असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा मिस्त्री आधी वास घेतो. मग रॉकेल सोडून रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी सगळा मळ पुसून मशीनचं पातळ तेल द्यायचं. पावसाळ्यात तक्रार पट्ट्याची. दमट हवेत चामडं सैल पडतं, पेडल मारलं तरी चाक घसरतं. पट्टा अर्धा इंच कापून तारेची पिन पुन्हा ठोकली की मशीन चालू. दिवाळीच्या सुमारास तोच पट्टा घट्ट झाला म्हणून शिंपी परत येतो.

अलीकडे पट्टाच जातोय. मागे छोटी मोटर लावून घेतली की पाय दुखत नाहीत, आणि घरी कपडे शिवून संसार चालवणाऱ्या बाईला ते हवंच असतं. खालचा बिडाचा स्टँड मग रिकामा होतो. त्याला मुंबई-पुण्यातल्या कॅफेंत भलतीच मागणी. वर संगमरवराचा तुकडा टाकला की टेबल तयार. कधी कधी नुसत्या स्टँडची किंमत चालू मशीनहून जास्त येते, आणि स्टँडसाठी अख्खं मशीन विकणारेही भेटतात. असं मशीन मिस्त्रीकडे आलं की तो स्टँड खुशाल देऊन टाकतो. वरचं डोकं मात्र खोलून शटल, डबी, दाते आणि सुईचा दांडा वेगवेगळ्या डब्यांत टाकतो. पुढच्या आठवड्यात कुणाचं तरी मशीन टीप सोडणार असतं.